सफा भरल्या, माणसे भरली का?

जुम्याच्या दिवशी शहापूर किंवा मुरबाडच्या मशिदीतून बाहेर पडताना आमच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, 'आज सफा भरल्या होत्या.' जमात वाढली, वरचा मजला घालावा लागणार, याचा आम्हाला आनंद होतो. त्यात वावगे काही नाही. पण सफ भरली म्हणजे माणूस भरला का, हे आम्ही क्वचितच विचारतो. हाच प्रश्न आपल्या ख्रिस्ती बांधवांना फार वर्षे छळतो आहे. आमच्या दोन तालुक्यांत त्यांची वस्ती तुरळक. पण वसईचे ख्रिस्ती २०१४ साली पालघर जिल्हा होईपर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यातले. ते आम्हाला परके नाहीत.

चर्चची वाढ हा अभ्यासाचा विषय करणारा डोनाल्ड मॅकगॅव्हरन १८९७ साली मध्य प्रांतातल्या दमोहला जन्मला. पुढे मिशनरी म्हणून त्याने त्याच प्रांतात काम केले. शाळा, दवाखाने सगळीकडे चालतात. तरी काही मंडळ्या वाढतात आणि काही जागच्या जागी राहतात, असे का, हे त्याला कोडे होते. माणूस एकटा तुटून येत नाही, नात्यागोत्यासह येतो, असे त्याने १९५५ सालच्या आपल्या पुस्तकात मांडले. आकड्यामागे जिवंत माणसे असतात, हेही खरेच. पण पुढे अमेरिकेत आकड्यालाच फार महत्त्व आले. शिकागोजवळच्या विलो क्रीक या हजारोंच्या चर्चने २००७ साली स्वतःच्या पाहणीवरून कबूल केले, की कार्यक्रमांना येणे वाढले म्हणून देवावरचे आणि माणसांवरचे प्रेम वाढतेच असे नाही. एवढे मोठे झाल्यावर असे कबूल करायला धैर्य लागते.

आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड टिळकांनी हे आधीच ओळखले होते. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यापायी काही वर्षे घरसंसार दुरावला. एवढी किंमत मोजून पत्करलेल्या मिशनची नोकरी त्यांनी १९१७ साली सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. तिथे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. म्हणजे मोजणीची रेघच त्यांनी पुसली. १९१९ साली ते वारले. वाढीच्या हिशेबात दरबार तोट्यातच गेला. पण टिळकांची तळमळ अजून आठवली जाते.

आपल्याकडे हा धडा नवा नाही. बद्रला ३१३ होते आणि निभावले. हुनैनला, इसवी सन ६३० मध्ये, बारा हजार होते. संख्येचा अभिमान वाटला आणि पहिल्याच हल्ल्यात पळापळ झाली. हजरत पैगंबरांभोवती (स.) जे थोडे ठाम उभे राहिले, त्यांच्यामुळे डाव सावरला. सूरह तौबाने याची आठवण करून दिली आहे.

तरी आम्ही विसरतो. मुरबाडकडच्या एका गावी मिनाराची वर्गणी पंधरा दिवसांत जमली. त्याच गल्लीतल्या एका विधवेच्या मुलाची बारावीनंतरची फी मात्र जमली नाही. पोरगा कामाला लागला. मिनाराच्या पावत्या फाडणाऱ्यांत आम्हीही होतो. तिच्या दारी मात्र आमच्यातला कोणी गेला नाही. अल्लाहचा हक्क आम्ही मोजून दिला, बंद्याचा राहून गेला.

मिनार नको, असे आमचे म्हणणे नाही. अल्पसंख्य समाजाला आपण किती आहोत हे पाहून धीर येतो, हे आम्ही जाणतो. पण भातसा आणि तानसा आमच्या शहापूर तालुक्यात आहेत. पावसाळ्यात ती भरतात, मुंबईची तहान भागते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट पाहतात. धरणात पाणी किती, हे पट्टीवर दिसते. घागर भरली का, हे पाहायला पाड्यावर जावे लागते. पुढच्या जुम्याला सफा मोजून झाल्या, की आम्ही आधी त्या गल्लीत जाणार आहोत.