नाव जन्मदात्याचे, संगोपन सावत्र पित्याचे

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे आणि त्याच्या अंतिम प्रेषितांवर शांती व कृपा असो.

वाचक बंधू-भगिनींनो, तलाकनंतर एखादी भगिनी पुनर्विवाह करते. तिच्या पहिल्या पतीने कित्येक वर्षे मुलाचे तोंड पाहिलेले नसते, खर्चही दिलेला नसतो. नवा पती सज्जन असतो. मूल कायद्याने आपले व्हावे, त्याला आपले नाव लागावे, अशी त्याची इच्छा असते. मात्र दत्तकविधानासाठी जन्मदात्याची संमती लागते आणि तो स्वाक्षरी देण्यास नकार देतो. मग घरात दुःख पसरते. अशा वेळी शरीअत काय सांगते?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात २६ जून १८७४ रोजी कागलच्या जयसिंगराव घाटगे यांच्या पोटी यशवंतरावांचा जन्म झाला. १७ मार्च १८८४ रोजी, जन्मदाते हयात असताना, ते करवीरच्या गादीस दत्तक गेले आणि राजर्षी शाहू छत्रपती झाले. नाव बदलले, कुळ बदलले. आपल्या परिसरात दत्तक म्हटले की हाच अर्थ मनात येतो. इस्लामपूर्व अरबस्तानातही हीच रूढी होती. आदरणीय जैद (रजि.) लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले आणि पुढे प्रेषितांच्या (स.) घरी आले. त्यांचे पिता हारिसा शोध घेत मक्केत पोहोचले, तेव्हा जैद यांनी प्रेषितांच्याच सहवासात राहणे पसंत केले. प्रेषितांनी त्यांना पुत्र म्हणून जाहीर केले आणि लोक त्यांना 'जैद बिन मुहम्मद' म्हणू लागले. पुढे सूरह अल्-अहजाबच्या चौथ्या व पाचव्या आयतींनी दत्तक पुत्रांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारण्याचा आदेश दिला आणि ते पुन्हा 'जैद बिन हारिसा' झाले. नाव पालटले, प्रेम मात्र तिळभरही उणावले नाही.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वंश अल्लाहने ठरविलेला आहे. जन्मदात्याच्या स्वाक्षरीनेही तो दुसऱ्याला देता येत नाही. दुसरी, अनाथ वा दुरावलेल्या मुलाला छाया देण्यास कोणाच्याही स्वाक्षरीची वाट पाहावी लागत नाही. माननीय उम्मे सलमा (रजि.) यांची मुले प्रेषितांच्या घरी वाढली. त्यांपैकी उमर यांचा हात जेवताना ताटभर फिरे. प्रेषितांनी त्यांना अल्लाहचे नाव घेऊन, उजव्या हाताने, आपल्या समोरचे खाण्यास मायेने शिकविले. ते आयुष्यभर 'उमर बिन अबी सलमा' म्हणूनच ओळखले गेले.

आता देशाचा कायदा पाहू. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा मुस्लिमांना लागू नाही. बाल न्याय कायद्यानुसार कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. परंतु तो मार्ग ऐच्छिक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे दत्तक न घेतल्याने तुम्ही काही गमावत नाही. मुलाच्या कागदपत्रांसाठी व निर्णयांसाठी अधिकार हवा असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो. तेथे न्यायालय मुलाचे हित पाहते. हनफी फिकहनुसार मातेने परक्याशी विवाह केल्यास ताब्याचा हक्क आजीकडे जाऊ शकतो. म्हणून नातेवाइकांशी आणि जाणकार आलिमांशी आधीच विचारविनिमय करावा.

नकार देणाऱ्या पित्यास दोन शब्द. पितृत्व सोडायचे नाही, असे तुम्ही म्हणता; मग पितृत्वाचे ओझेही उचला. मुलाचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण तुमच्यावर फर्ज आहे. तलाकने पत्नीशी नाते तुटते, मुलाशी नाही. १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही मुस्लिम पित्याचे हे उत्तरदायित्व कायम ठेवले. खर्च न देता केवळ सूड म्हणून संमती अडवून धरणाऱ्याला हिशोबाच्या दिवशी उत्तर द्यावे लागेल.

आणि सावत्र पित्यांनो, शाळेच्या अर्जात पित्याच्या रकान्यात जन्मदात्याचे नाव राहू द्या. पालकाच्या रकान्यात आपले लिहा. सावत्र मूल वारस ठरत नाही, म्हणून हयातीत त्याला देणगी द्या किंवा एक-तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत करा. जन्मदात्याच्या संपत्तीतील त्याचा वाटा मात्र वंश अबाधित असल्यानेच टिकतो. सूरह अन्-निसाच्या तेविसाव्या आयतीनुसार, विवाहानंतर पत्नीशी सहवास घडला असेल, तर तिची मुलगी तुम्हाला कायमची महरम आहे. तिला मुलीप्रमाणेच सांभाळा. मुलासमोर त्याच्या पित्याची निंदा करू नका. मोठे झाल्यावर त्याला सत्य कळणारच आहे. ते तुमच्या तोंडून, सौम्य शब्दांत कळू द्या.

अल्लाह आपल्या घरांतील प्रत्येक मुलाला न्याय व माया देण्याची सद्बुद्धी आम्हा सर्वांना देवो. आमीन.