चार बोटं अंतर

गेल्या दिवाळीत उमरीला गेलो होतो. पूर्वी आमच्याकडे सालगडी असलेले मामा भेटायला आले. पाचशेची नोट द्यायला गेलो, तर माझा हात त्यांच्या तळहाताच्या चार बोटं वरच थांबला. नोट सोडली, ती त्यांच्या हातात पडली. लहानपणी सायकल शिकवताना सीट धरून माझ्यामागे पळायचे ते हेच मामा. आजी त्यांना वरून पाणी ओतायची, भाकरीही वरूनच टाकायची. मी मात्र कॉलेजपासून 'जात मानत नाही' असं सांगत आलोय. मग तो हात कोणाचा?

त्वचेवरचा स्पर्श मज्जारज्जू आणि थॅलॅमसमार्गे मेंदूच्या कॉर्टेक्समधल्या एका आडव्या पट्टीत पोचतो. पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ साली तिचा नकाशा मांडला. त्यात बोटांना आणि ओठांना ऐसपैस जागा आहे, पाठीला जेमतेम. मी प्रोग्रामर. मला वाटायचं, ही पट्टी नुसती सेन्सरसारखी खबर देते. आवडनिवड पुढे कुठेतरी ठरते.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानं हा समज मोडला. स्कॅनरमध्ये झोपलेल्या पुरुषांच्या पायावरून कुणीतरी हात फिरवत होतं. व्हिडिओत त्यांना कधी स्त्री दिसे, कधी पुरुष. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी हात फिरवणारी स्त्रीच होती. तरीही तीच पट्टी दोन्ही वेळा वेगळा प्रतिसाद देत होती. स्पर्श तोच, बदलला होता फक्त समज.

हे वाचून मला महाड आठवलं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि नंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र टाकून ते तळं 'शुद्ध' केलं. पाणीही तेच होतं.

इथे सुटकेची एक वाट दिसते : मेंदूच असा घडलाय, मी काय करू? पण ब्रेल वाचणाऱ्यांच्या वाचायच्या बोटाची मेंदूतली जागा सरावानं वाढते, हेही सिद्ध झालंय. हात आखडला तो क्षण कदाचित माझ्या ताब्यात नसेल. त्यानंतर कशाचा सराव करायचा, हे मात्र माझ्याच हातात आहे.

म्हणून संक्रांतीला मामांच्या घरी गेलो. तिळगूळ देताना मुद्दाम त्यांच्या तळहातावर बोटं टेकवली. मला अवघडल्यासारखं झालं, ते मी धरूनच चाललो होतो. पण मामांनी हात झटकन मागे घेतला आणि तिळगूळ खाली सांडला. तो वेचायला आम्ही दोघंही वाकलो. तेव्हा कळलं, आजीच्या तांब्यानं फक्त माझाच मेंदू घडवला नव्हता. आणि स्वतःची सवय मोडायला मी त्यांचा हात त्यांना न विचारताच वापरला होता.