सुनंदाचं वकीलपत्र

प्रिय वैदेही,

तुझ्या कादंबरीचं बाड वाचून झालं. सुनंदा जावेच्या पाटल्या गहाण टाकते तिथपर्यंत मी ते खाली ठेवलं नाही. पुढे मात्र तू तिचं वकीलपत्र घेतलंस. नवऱ्याची दारू, सासूचे टोमणे, पोराची थकलेली फी, सगळे साक्षीदार ओळीने हजर. आणि सुनंदा बिचारी गप्प. तिला जरा बोलायचं होतं गं, पण तू बोलू देशील तर ना!

मला वाटतं, तुझी भीती वेगळीच आहे. सुनंदा म्हणजे वैदेहीच, असं लोक म्हणतील. म्हणणारच. आपल्या घरात तर नक्कीच. नेमाड्यांचं बघ. त्यांचं गाव खानदेशातलं सांगवी, आणि 'कोसला'च्या नायकाचं, पांडुरंगचं, आडनाव सांगवीकर! वर सगळी कादंबरी 'मी'मध्ये. १९६३ साली ती आली तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते. लपायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी. तरीही पांडुरंग पुण्यात बापाचे पैसे उधळतो, तेव्हा त्याच्या बाजूने ते एक सबब पुढे करत नाहीत. पांडुरंगच स्वतःची टर उडवत सगळं सांगून टाकतो. लेखकाने त्याला सावरून घेतलं असतं, तर आपल्याला तो इतका जवळचा वाटला असता का? मला नाही वाटत.

यावर तू म्हणशील, म्हणजे पात्रावर मायाच करायची नाही? कर की. 'शांतता! कोर्ट चालू आहे' पुन्हा वाच. तेंडुलकरांचा जीव बेणारेबाईवर आहे, हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतं. पण सुरुवातीला हीच बाई आपल्या नाटकमंडळातल्या लोकांची यथेच्छ खिल्ली उडवते, चांगलं टोचून बोलते. ते त्यांनी पुसलेलं नाही. पुढे खोट्या खटल्यात ती खरोखरची अडकते, तेव्हा तिला सोडवायलाही कुणाला धाडत नाहीत. तिच्या प्रियकराने, दामल्यांनी, यायला हवं, पण ते नाटकभर रंगमंचावर फिरकत नाहीत. तिला लांबलचक स्वगत मिळतं, पण कोर्टातल्या एकाच्याही कानावर ते पडत नाही. हे लिहिताना हात आवरायला केवढं बळ लागलं असेल!

आणि ते 'कंटाळले, शेवटी सुनंदाला मारूनच टाकते' वगैरे राहू दे. कॉनन डॉयलने १८९३ साली होम्सला स्वित्झर्लंडच्या धबधब्यात ढकललं, कारण आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या जास्त मोलाच्या आहेत असं त्याला वाटे. दहा वर्षांनी त्यालाच होम्सला जिवंत करावं लागलं. (त्या ऐतिहासिक कादंबऱ्या आता कोण वाचतं, ते विचारू नकोस.) वैतागून दिलेलं मरण वाचकाला लगेच कळतं.

तेव्हा गहाणानंतरची ती चार पानं काढ. सुनंदा सोनाराकडून घरी येते आणि जाऊ भाकरी थापत बसलेली आहे, तिथून पुढे लिही. जावेला विचारू दे काय विचारायचं ते. सुनंदा खोटं बोलली तर बोलू दे, तू मध्ये पडू नकोस. आणि हो, त्या जावेला एवढ्या कादंबरीत तू अजून नावही दिलेलं नाहीस. ते आधी दे, मग प्रकरण पाठव.

तुझी,
मावशी