आपल्या वतीने वाचणारा ब्राउझर

नवा ब्राउझर आला की तो लावून पाहायचा, ही माझी जुनी खोड. लावला की आधी त्यात एक मराठी पान उघडायचे आणि 'वऱ्हाड', 'दऱ्या', 'तऱ्हा' नीट उमटतात का ते बघायचे. त्या अर्ध्या 'र'ने एके काळी भल्याभल्या ब्राउझरांची फजिती केली आहे. आता सगळेच या परीक्षेत पास होतात. आनंदाचीच गोष्ट, पण सगळे पास होण्याचे कारण असे की बहुतेकांची उत्तरपत्रिका एकच आहे.

ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे 'प्रेस्टो' हे इंजिन सोडले आणि गुगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्रोमियमचा आधार घेतला. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० मध्ये त्याच वाटेने गेला. ब्रेव्ह, विवाल्डी, पर्प्लेक्सिटीचा कॉमेट, ओपनएआयचा ॲटलस हे सगळे आतून क्रोमियमच. चेन्नईच्या झोहोच्या 'उला'ला केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये एक कोटीचे पहिले बक्षीस मिळाले. तोही क्रोमियमवरच उभा आहे. भारतातल्या आयफोनवर तर कोणत्याही नावाचा ब्राउझर घ्या, आत ॲपलचे वेबकिट हे इंजिन असते. या दोन्हींपलीकडे स्वतःचे इंजिन टिकवून असलेला आणि नाव घेण्याजोगा उरला तो फायरफॉक्स. म्हणजे नवा ब्राउझर ही बहुधा त्याच चाळीतली रंग लावलेली खोली असते. नळ, जिना, गच्ची सगळ्यांची सामाईक, आणि मालकही एकच.

रंग मात्र काही वेळा फार सुंदर असतो. न्यूयॉर्कच्या 'द ब्राउझर कंपनी'चा आर्क मी वापरला तेव्हा हे कुणीतरी मन लावून केलेले काम आहे, हे लगेच जाणवले. टॅबांची रांग वरून काढून डाव्या बाजूला उभी केलेली. घरचे आणि कामाचे टॅब वेगवेगळ्या कप्प्यांत. आणि एक कठोर पण हितकारक नियम: बारा तास हात न लावलेला टॅब आपोआप अडगळीत जाणार. 'नंतर वाचू' म्हणून पन्नास टॅब उघडे ठेवणाऱ्या माणसाला ही शिस्त आधी झोंबते, मग आवडू लागते. पण आर्क शिकावा लागायचा, आणि ब्राउझर शिकायची गोष्ट आहे हे लोकांना पटत नाही. शिकायला फार आणि बदल्यात हाती थोडे, असे त्या कंपनीनेच २०२५ मध्ये जाहीरपणे मान्य केले. तोवर आर्कमध्ये नवी भर घालणे थांबलेच होते. तिचा नवा ब्राउझर 'दिया' आला, त्यात मध्यभागी कृत्रिम बुद्धिमत्ता. सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियन ॲटलासियनने ही कंपनी ६१ कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. आर्क मागे पडला याची मला हळहळ आहे. वाचणाऱ्याची बैठक सुधारावी, एवढाच त्याचा हेतू होता. त्यानंतर आलेल्यांचा हेतू वाचणाऱ्यालाच उठवण्याचा दिसतो.

कॉमेट जुलै २०२५ मध्ये आला. सुरुवातीला महिना दोनशे डॉलर मोजणाऱ्यांना, ऑक्टोबरपासून सगळ्यांना फुकट. त्याच ऑक्टोबरात ॲटलस आला, पहिल्यांदा फक्त मॅकवर. दोघांची मांडणी सारखीच: पान डावीकडे आणि उजवीकडे मदतनीस. पानावर काय आहे ते तो सांगतो, दोन पानांची तुलना करतो, सांगितले तर फॉर्म भरतो, टोपलीत वस्तू टाकतो. पान आणि आपण यांच्यामध्ये आता तिसरा बसला आहे.

हा मध्यस्थ नवा आहे असे समजायचे कारण नाही. ज्यांनी नोकियाच्या बटणाच्या फोनवर इंटरनेट पाहिले त्यांना ऑपेरा मिनी आठवत असेल. तो २००६ मध्ये जगभर खुला झाला. त्या फोनांत पान उघडण्याची ताकद नव्हती, म्हणून पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर उघडायचे, तिथे दाबून लहान व्हायचे आणि मग फोनवर यायचे. नव्वद टक्क्यांपर्यंत डेटा वाचतो, असा कंपनीचा दावा होता. टूजीच्या रडतखडत चालणाऱ्या जोडणीवर बातम्या उघडायच्या त्या या ब्राउझरच्या कृपेने. मराठी वाचकांवर त्याचे आणखी एक ऋण आहे. फोनमध्ये देवनागरी नसे आणि मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. तेव्हा पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' असे लिहायचे, सेटिंगांचे पान उघडायचे आणि गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय चालू करायचा. मग सर्व्हर मराठी ओळींची चित्रे काढून पाठवायचा. ही युक्ती तोंडोतोंडी पसरली होती. चित्र असल्यामुळे मजकूर उचलता येत नसे, फोटो दाबून दाबून कळकट दिसत, ते सगळे मान्य. पण लेखकाने लिहिलेले वाक्य वाक्य म्हणूनच पोचायचे. तो मध्यस्थ बाइट कमी करायचा. आताचा वाक्ये कमी करतो.

वाक्ये कमी होताना काय गळते, ते मी मराठीवर तपासले. खड्ड्यांवरचा एक उपरोधिक लेख होता. पालिकेने नागरिकांच्या पाठीच्या कण्याला फुकट व्यायाम दिला म्हणून लेखकाने शेवटी तिचा सत्कार सुचवला होता. एका नव्या ब्राउझरच्या मदतनिसाने सारांश दिला: लेखकाने पालिकेच्या आरोग्यविषयक उपक्रमाचे कौतुक केले आहे. मराठी शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घ चोख आणि अर्थ बरोबर उलटा. ही चूक सुधारेलही, पुढच्या आवृत्तीला कदाचित उपरोध कळेल. पण कळला तरी ती 'लेखकाने उपरोधाने टीका केली आहे' एवढेच सांगणार. हसू यायचे ते लेखातच राहिले.

तरी मदतनीस मी काढून टाकलेला नाही. शासन निर्णय उघडून बघा. वर 'वाचा' म्हणून आधीच्या दहा निर्णयांचे क्रमांक आणि तारखा, मग प्रस्तावना, मग एका वाक्यात अर्धे पान. त्यातून 'अर्ज कुणी, कुठे, कधीपर्यंत करायचा' एवढे काढून देण्यात ही यंत्रे पटाईत आहेत. विम्याच्या अटी, बँकेचे परिपत्रक, फ्रिजची माहितीपुस्तिका यांचेही तेच. हा मजकूर कुणी वाचावा म्हणून लिहिलेलाच नसतो. तो यंत्राने वाचला तर कुणाचे काही बुडत नाही. तारीख आणि रक्कम तेवढी मूळ कागदावर पडताळून घ्यावी.

वाचण्यापर्यंत ठीक, काम सोपवताना माझा हात आखडतो. मदतनिसाला तुमची आज्ञा आणि पानावरचा मजकूर यांतला फरक नीट कळत नाही. दोन्ही त्याच्यापुढे एकाच जातीचे शब्द म्हणून येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी कॉमेटवर हे दाखवून दिले. रेडिटवरच्या एका प्रतिक्रियेत त्यांनी झाकलेल्या मजकुरात सूचना लिहून ठेवल्या आणि मदतनिसाला फक्त पानाचा सारांश करायला सांगितले. त्याने झाकलेल्या सूचना पाळल्या: वापरणाऱ्याचा ई-मेल पत्ता काढला, जीमेलमध्ये जाऊन ओटीपी वाचला आणि दोन्ही रेडिटवर लिहून टाकले. ब्रेव्हही ब्राउझरच बनवतो, तेव्हा प्रतिस्पर्ध्याची खोड काढण्यात त्याचा स्वार्थ आहे. म्हणून प्रयोग खोटा ठरत नाही. ते एक भोक बुजवले तरी मूळ अडचण रचनेत आहे.

दुसरी काळजी पैशाची. ब्राउझर फुकट मिळतो, कारण त्याचे पैसे दुसरीकडून येतात. सफारीत गुगलचा शोध आधीपासून लावलेला असावा यासाठी गुगलने ॲपलला एकट्या २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. फायरफॉक्सचीही बरीचशी कमाई गुगलकडूनच येते. त्या खटल्यात गुगलला क्रोम विकावा लागणार नाही, असा निर्णय २ सप्टेंबर २०२५ रोजी आला. या जुन्या व्यवहारात निदान एक होते: शोधणारा माणूस शेवटी कुणाच्या तरी पानावर जायचा. तिथे जाहिरात दिसायची, वर्गणीची पाटी दिसायची, शेजारचा लेख खुणवायचा. मदतनिसाने उत्तर खिडकीतच दिले की पानाचा मालक दाराशी वाट बघत राहतो. इंग्रजीतली मोठी वृत्तपत्रे यावर करार करतील किंवा कोर्टात जातील, आणि दोन्ही सुरू झाले आहे. एखाद्या गडाचा बारकाईने अभ्यास करून लिहिणारा, जुन्या नाटकांच्या नोंदी ठेवणारा, कोकणातल्या पाखरांवर मराठीत लिहिणारा हौशी माणूस कुठे करार करायला जाणार? त्याला मिळणारा मोबदला म्हणजे आलेला वाचक आणि खाली उमटलेला अभिप्राय. तो मोबदला थांबला तर लिहिणेही थांबते, आणि मग सारांश कशाचा करणार?

तेव्हा माझी व्यवस्था सांगतो, पटली तर घ्या. मदतनीस असलेला ब्राउझर परिपत्रकांसाठी ठेवा, त्यात कुठेही लॉग-इन करू नका. बँक, ई-मेल आणि डिजिलॉकर यांसाठी वेगळा ब्राउझर ठेवा. मी फायरफॉक्स ठेवला आहे, कारण त्याचे इंजिन वेगळे आहे आणि त्यात आलेली चॅटबॉटची पट्टी बंद करता येते. आणि मराठीत आवडीने वाचावे असे जे कुणी लिहीत असतील त्यांच्या पानाचा पत्ता बुकमार्क करून ठेवा, तिथे स्वतः जा, आणि लेख आवडला तर खाली दोन ओळी लिहून या.