परक्या मुलुखातील मालकी

जपानमध्ये परदेशी माणसाने आपली पहिली मोटारसायकल म्हणून १२५ सीसीची बेताची गाडी निवडली, तर विक्रीचा दाखला आणि निवासपत्र सादर करताच नगरपालिकेच्या कचेरीतून चिमुकली गुलाबी पाटी विनामूल्य हाती पडते. २५० सीसीच्या वर मात्र ठरावीक मुदतीच्या सरकारी तपासणीचे लचांड मागे लागते. परंतु ज्याचा स्वतःचा मुक्कामच मुदतबंद, तो दप्तरी नाव चढल्याने कशाचा स्वामी झाला? नारिता येथील शिंगोन पंथीय मंदिरात वाहनांच्या सुरक्षिततेसाठी प्रार्थना होते, आणि भारतातून चीनमार्गे तेथवर पोचलेल्या होमाच्या ज्वाळांसमोर, दसऱ्याला हँडलला झेंडूची माळ बांधणाऱ्या मराठी माणसाला (दक्षिणेच्या दरांसकट!) सारेच ओळखीचे वाटते. कायद्याने हवाली केलेले यंत्र तत्काळ देवाच्या हवाली करणे याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. वेगावर आपली हुकमत अपुरी आहे, याची ती प्रांजळ जाणीव आहे. सक्तीचा विमा मात्र, प्रार्थना झालेली असो वा नसो, रस्त्यावर येण्यापूर्वी उतरवावाच लागतो.