नाताळचा रस्सा

नाताळचा पक्षी अख्खा भाजावा की वऱ्हाडी रश्शात शिजवावा? भाजलेली टर्की म्हणजेच खरा नाताळ, असे विलायती चित्रांनी आपणांस शिकविले. वास्तविक टर्की मूळची अमेरिकेची. १६१२ साली ती गोव्याहून जहांगीराच्या दरबारी पोहोचली. आपली मिरचीही त्याच खंडातली! मग परके कोण?

परंतु जठारपेठेतील आम्हां कुटुंबांस रस्सा अधिक ख्रिस्ती वाटतो, तो निराळ्या कारणाने. भाजलेल्या पक्ष्याचे तुकडे मोजके. म्हणून पाहुणेही मोजूनच बोलवावे लागतात. खोबरे-खसखशीच्या रश्शात मात्र ऐनवेळी तांब्याभर पाणी घालता येते, चार भाकरी अधिक थापता येतात. लूकच्या १४व्या अध्यायात प्रभूने ज्यांना मेजवानीस बोलवावयास सांगितले, त्या दरिद्री-पांगळ्या-आंधळ्यांची यादी कुणाच्याच घरी आधी तयार नसते. पाण्याने रस्सा पातळ होतो, हे खरे. तिखट थोडे वाढवावे.