कोणता तोळा?

आमच्या घरी आजोबांच्या वेळची एक वही आहे. तिच्यात १९५४ सालची एक ओळ आहे : ‘अक्काचे देणे, सोने तोळे पाच.’ विहिरीसाठी आजोबांनी थोरल्या बहिणीच्या पाटल्या मोडल्या, त्याची ही नोंद. विहिरीला पाणी लागले, मळा पिकला; देणे मात्र राहून गेले. पुढे अक्का गेली, आजोबाही गेले. गेल्या दिवाळीत वडिलांनी ठरवले की, भाऊबीजेला अक्काच्या लेकीला, म्हणजे आमच्या आत्याला, ते सोने पोचते करायचे.

धाकटा भाऊ हिशोबाला पक्का. तो म्हणाला, “तोळा दहा ग्रॅमचा. पन्नास ग्रॅम झालं की.”

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अरं, तवा सोनारानं दुसऱ्या पारड्यात चांदीचं पाच रुपये टाकलेलं मी बघितल्यात.”

येथे माझ्यातला मास्तर जागा झाला. १८३५ सालापासून चांदीचा रुपया १८० ग्रेनांचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा असे. नाणे तेच आणि वजनही तेच. ग्रॅममध्ये तो तोळा भरतो ११.६६. पाच तोळ्यांचे झाले ५८.३ ग्रॅम. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, दशमान वजने रूढ झाली आणि सराफीत दहा ग्रॅमला ‘तोळा’ म्हणायची चाल पडली. नाव राहिले, वजन मात्र घटले. मधल्या मध्ये सव्वाआठ ग्रॅम सोने कोणाचे?

नाणे हेच वजन, ही रीत काही आपलीच नव्हे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती ज्या ग्रीकांच्या देवाची, त्यांचीही हीच रीत होती. त्यांचा द्राख्मा हे चांदीचे नाणेही होते आणि वजनही. त्याचाच आपल्याकडे ‘द्रम्म’ झाला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सोळा पणांचा एक द्रम्म सांगितला आहे. आणि आपण रोज उच्चारतो तो ‘दाम’ही त्याच कुळातला.

अथेन्सचा द्राख्मा सुमारे ४.३ ग्रॅमचा. शंभर द्राख्मांचा एक मिना, साठ मिनांचा एक टॅलेंट; आपल्या तोळा, शेर, मण यांच्यासारखीच ही उतरंड. वडगावच्या बाजारातला तीस किलोचा गुळाचा रवा त्यांच्या काट्यावर ठेवला, तर जवळजवळ सात हजार द्राख्मा भरेल, म्हणजे एक टॅलेंट आणि वर हजारभर द्राख्मा. सातवीतला मुलगाही हा भागाकार करील. पण शेजारच्या एजिना बेटावरचा द्राख्मा सहा ग्रॅमांहून जड होता. तिथे तोच रवा पाच हजारांच्या आत भरेल. तेव्हा गणित मांडण्याआधी विचारावे लागते : द्राख्मा खरा, पण कुठला?

आमच्या भावासारखा हिशोब एका थोर माणसाच्या नावावरही सांगतात. इसवी सनापूर्वी ५९४ च्या सुमारास सोलोनने अथेन्समध्ये कर्जदारांना दिलासा दिला. तो कसा, याविषयी प्लुटार्कने एका जुन्या लेखकाचे मत नोंदले आहे : पूर्वी ७३ द्राख्मांचा असलेला मिना सोलोनने शंभरांचा केला. कर्ज फेडताना नग तेवढेच मोजायचे, पण हलके. त्या काळी अथेन्सला नाणी होती का, अशी शंका आजचे पंडित घेतात. पण गोष्ट घडली असो वा नसो, तिच्यातला प्रश्न खरा आहे. सोलोनने माप हलके केले म्हणून तो साधू, आणि आम्ही केले तर लबाड, असे का?

मला वाटते, फरक मापात नाही. सोलोनचे माप भर चौकात, कायद्याने बदलले आणि त्याचा लाभ पिचलेल्या कर्जदाराला झाला. आमचा मळा पिकलेला. आत्याला जुना तोळा ठाऊक नाही. आम्ही पन्नास ग्रॅम दिले असते, तर ते आजच्या भाषेत अगदी खरे ठरले असते, आणि तरीही ती फसवणूकच झाली असती. शब्द पाळल्याचे समाधान आम्हाला आणि तूट तिच्या पदरी! वचनातला आकडा पाळणे सोपे असते. ज्या दिवशी वचन दिले, त्या दिवशीच्या तागडीशी इमान राखणे अवघड.

भावानेही मग वाद घातला नाही. त्यानेच सराफाच्या पेढीवर उभे राहून ५८.३ ग्रॅमच्या पाटल्या करून घेतल्या.

भाऊबीजेला आत्याने ओवाळले. तबकातल्या पाटल्या पाहून तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “आईच्या अशाच होत्या रं.” वजन किती, हे तिने विचारलेच नाही.